ग्रास कटरचा धंदा: मशीन चालवायची कशी, सांभाळायची कशी आणि बिलातून गॉगल का कापायचा नाही



ग्रास कटरच्या व्हिडिओत मशीन चालवून दाखवली आहेच. पण मापं आणि आकडे नुसते ऐकून लक्षात राहत नाहीत, म्हणून हा धडा लिहून देतोय. मोबाईलमध्ये सेव्ह करा किंवा प्रिंट काढून मशीनच्या खोक्यात ठेवा.

सुरुवात माझ्या दुकानात घडलेल्या एका प्रकाराने करतो. गणपती नुकते झाले होते. कोकणात त्या सुमाराला गवत कमरेएवढं होतं आणि आंबा-काजूच्या बागायतदारांचे फोन सुरू होतात. बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा वडिलांना घेऊन दुकानात आला. नोकरीच्या मागे न लागता गवत कापायची कामं घ्यायची, असं त्याने ठरवलं होतं. मशीन पसंत पडली, बिल करताना घासाघीस सुरू झाली. तो म्हणाला, "दादा, गॉगल राहू दे. माझ्याकडे उन्हाचा आहे. तेवढे अडीचशे कमी करा." गिऱ्हाईक हातातून जाऊ नये म्हणून मी गॉगलच्या ओळीवर रेघ मारली.

तीन आठवड्यांनी वडील एकटेच आले. गडग्याच्या कडेचं गवत मारताना जांभ्याची कपची उडून मुलाच्या डोळ्यात गेली होती. उन्हाचा गॉगल त्या दिवशी खिशात होता, कारण आभाळ भरलं होतं. ऑपरेशन झालं, डोळा राहिला, पण त्या डोळ्याने त्याला आजही धूसर दिसतं. पूर्ण सीझन गेला. मशीन घरात पडून आणि हप्ते मात्र चालू. वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत, ते फक्त मशीन परत घेता का विचारायला आले होते. पण बिलावरची रेघ माझ्या हातची होती.

तेव्हापासून दुकानाचा नियम आहे, किटशिवाय मशीन बाहेर जात नाही. आणि शिकवतानाही मी हेच सांगतो, की या धंद्यात सेफ्टी आणि मेंटेनन्स हा वरचा खर्च नाही. तो तुमच्या दरातच धरायचा असतो. कमाई मशीनच्या ताकदीवर ठरत नाही. सीझनमध्ये मशीन आणि माणूस दोघं मिळून किती दिवस उभे राहिले, त्यावर ठरते.

1. आधी मशीन ओळखा

ज्याला आपण ग्रास कटर म्हणतो, त्याचं कॅटलॉगमधलं नाव ब्रश कटर. खांद्याला पट्टा लावून बाजूला धरायचा तो साइड पॅक. इंजिन पाठीवर असतं तो बॅक पॅक. सपाट जागेला साइड पॅक बरा पडतो. चढ-उतार आणि बांध असतील तर बॅक पॅकने शरीराला कमी त्रास होतो.

इंजिन दोन प्रकारचं असतं. 2 स्ट्रोक इंजिनला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. 4 स्ट्रोकला टाकीत साधं पेट्रोल आणि इंजिन ऑइल वेगळं. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधला सगळ्यात महागडा घोटाळा इथेच होतो. 2 स्ट्रोकमध्ये चुकून साधं पेट्रोल टाकलं, तर पिस्टन कोरडा घासतो आणि इंजिन थोड्या वेळातच जाम होतं. घरात दोन्ही प्रकारच्या मशीन असतील तर टाकीच्या झाकणावर ऑइल पेंटने "मिक्स" आणि "साधं" असं लिहून ठेवा.

पुढे काय लावायचं ते कामावर ठरतं:

- नायलॉन दोरी: मऊ गवत, झाडाच्या बुंध्याजवळ, भिंतीच्या कडेला.
- तीन पात्यांचं ब्लेड: जाड, दाट गवत.
- 80 दातांचं गोल ब्लेड: झुडपं, रान, कडक काटेरी फांद्या.

एक गोष्ट कधीच करायची नाही. नायलॉन दोरी लवकर झिजते म्हणून काही जण तिच्या जागी गाडीची क्लच वायर लावतात. त्या वायरचा तुकडा तुटला की गोळीसारखा जातो. अशी मशीन दुरुस्तीला आली तर मी आधी वायर काढून टाकतो, मगच मशीनला हात लावतो.

2. अंगावर काय हवं

- सेफ्टी गॉगल, त्यावर जाळीचा फेस शील्ड. नुसती जाळी पुरत नाही, बारीक खडी आणि धूळ तिच्यातून आत जाते. आणि उन्हाचा गॉगल म्हणजे सेफ्टी गॉगल नव्हे.
- कानाला इअर मफ किंवा इअर प्लग. रोज आठ तास 85 डेसिबलच्या वर आवाज कानावर पडला तर ऐकू येणं हळूहळू कमी होतं. ग्रास कटरचा आवाज त्याच्या बराच वर असतो. हे नुकसान भरून येत नाही.
- गुडघ्यापर्यंतचे गमबूट. दगड आणि साप, दोन्हींसाठी.
- फुल पँट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे. लुंगी, गळ्यात लोंबता टॉवेल, हातात दोरे नकोत.
- पट्टा नीट बसवलेला. हुक उजव्या कमरेच्या हाडाच्या थोडा खाली यायला हवा. मशीन लटकवून हात सोडले तर ब्लेड जमिनीच्या थोडं वर, समांतर राहिलं पाहिजे. तसं राहत नसेल तर सगळा भार हातावर येतो आणि दुपारनंतर चुका व्हायला लागतात.

3. कामाच्या जागी पहिली दहा मिनिटं

मशीन गाडीतून उतरवण्याआधी जागा एकदा पायी फिरून या. हातात काठी असू द्या. दगड, बाटल्या, तारेचे तुकडे, ठिबकच्या नळ्या, कुंपणाची पडलेली तार शोधा. जे उचलता येईल ते उचला. उचलता येत नाही तिथे काठी रोवून तिला रंगीत कापड बांधा. वाढलेल्या गवतात विहिरीची कड, खड्डा, गटार दिसत नाही, तेही मालकाला आधीच विचारून घ्या.

काठी आपटत चालल्याने दुसरा फायदा असा, की जमिनीच्या हादऱ्याने साप सहसा बाजूला होतात. घोणस आणि फुरसं मात्र जागेवरच बसून राहतात, म्हणून दगडांच्या ढिगाजवळ आणि गडग्याजवळ हात घालायचा नाही. कोणाला साप चावलाच तर जखम कापू नका, आवळून बांधू नका. पाय हलू न देता सरळ सरकारी दवाखान्यात न्या, 108 ला फोन करा. जवळच्या कुठल्या रुग्णालयात सापाच्या विषावरचं इंजेक्शन मिळतं, हे सीझनच्या आधीच चौकशी करून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा: 15 मीटर. मशीन चालू असताना तुमच्याभोवती 15 मीटर, म्हणजे साधारण पन्नास फुटांत दुसरं माणूस, जनावर, मूल नको. दोघं जण दोन मशीनवर काम करत असतील तरी तेवढंच अंतर. सोसायटीत किंवा शाळेच्या आवारात काम असेल तर आदल्या दिवशी सांगा, की गाड्या हलवून ठेवा आणि खिडक्या बंद ठेवा. मालक बघायला जवळ आला तर मशीन बंद करून बोला. तुमच्याशी बोलायला कोणी मागून येत असेल तर खांद्याला हात न लावता लांबून समोर येऊन हात वर करायचा, हा इशारा काम सुरू होण्याआधी सगळ्यांना सांगून ठेवा.

4. पेट्रोल आणि ऑइल

2 स्ट्रोक मशीनसाठी 1 लिटर पेट्रोलला ऑइल असं:

- 25:1 असेल तर 40 मिली
- 40:1 असेल तर 25 मिली
- 50:1 असेल तर 20 मिली

तुमच्या मशीनला यातलं कुठलं प्रमाण, ते मॅन्युअलमध्ये आणि बऱ्याचदा टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. अंदाजाने बाटलीच्या झाकणाने ऑइल ओतू नका. मेडिकलमध्ये मिळणारी मापाची सिरिंज घ्या. ऑइल जास्त झालं तर धूर, काळा प्लग आणि चोक झालेला सायलेन्सर. कमी झालं तर थेट पिस्टन.

आधी कॅनमध्ये अर्धं पेट्रोल, मग ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवा. टाकीत थेट मिसळायचं नाही. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळी हवेत कॅन उघडा राहिला तर पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि कार्ब्युरेटरचा त्रास तिथून सुरू होतो. म्हणून मिक्स आठवड्याच्या कामापुरतंच बनवा. महिनाभर पडलेलं मिक्स मशीनमध्ये घालू नका. आणि पाण्याच्या बाटलीत मिक्स ठेवायचं नाही. शेतावर तहानलेलं माणूस बाटली दिसली की तोंडाला लावतं.

टाकी भरताना इंजिन बंद आणि थोडं गार झालेलं हवं. विडी-सिगारेट लांब. भरलेल्या जागेपासून तीन-चार मीटर बाजूला जाऊन मगच स्टार्ट करा.

5. कापायची पद्धत

वरून बघितलं तर बहुतेक मशीनचं ब्लेड घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं. सगळी पद्धत यावरून ठरते. समोरचं ब्लेड घड्याळाची तबकडी समजा, 12 तुमच्यापासून सगळ्यात लांब. कापायचं काम डाव्या बाजूने, म्हणजे 8 ते 12 या भागाने करायचं. हात उजवीकडून डावीकडे न्याल तो कापायचा फटका. डावीकडून उजवीकडे येताना फक्त परत यायचं. असं केलं की कापलेलं गवत डावीकडे एका ओळीत पडतं आणि न कापलेल्यावर पसरत नाही.

12 ते 3 हा भाग धोक्याचा. तिथे ब्लेडला दगड, खुंट, लोखंडी पाइप लागला तर मशीन जोरात झटका देऊन उजवीकडे फेकली जाते आणि तुम्हालाही सोबत ओढते. नवीन माणसाला बसणारे बरेचसे झटके इथलेच असतात.

- दोन्ही पाय रोवून उभे राहा, हाताने न ढकलता कमरेतून वळा.
- ब्लेड गुडघ्याच्या वर न्यायचं नाही.
- उतारावर आडवं चाला, वर-खाली नाही. ओलं गवत आणि ओला जांभा असेल तर थांबा. एका दिवसाचं काम पुढे गेलं तरी चालतं.
- ब्लेडवरचं गार्ड काढायचं नाही. गवत अडकतं म्हणून गार्ड काढलेली मशीन म्हणजे पायाकडे तोंड करून ठेवलेला धोका.
- तासाभराने दहा मिनिटं थांबा. हादऱ्याने बोटं बधिर, पांढरी पडत असतील तर ती साधी थकवा म्हणून सोडून देऊ नका.

6. गुंतलं तर काय

वेल, साडीचा तुकडा, नायलॉनची सुतळी ब्लेडला गुंतते. अशा वेळी क्रम एकच: स्विच बंद, ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत थांबा, मशीन खाली ठेवा, प्लगची टोपी काढा, मग हात घाला. रेस सोडली म्हणजे ब्लेड थांबलं, असं नसतं. ते काही सेकंद नुसतंच फिरत राहतं. आणि इंजिन चालू ठेवून गुंता काढताना बाहीने रेस ओढली गेली, तर बोटं जायला तेवढं पुरे.

रेस सोडल्यावर, म्हणजे आयडलला, ब्लेड फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडल स्क्रू कमी करा. तरी फिरत असेल तर क्लचची स्प्रिंग गेली आहे. काम तिथेच थांबवून मशीन दुरुस्तीला द्या.

7. मेंटेनन्स: रोज, आठवड्याला, सीझनला

रोज, काम संपल्यावर पंधरा मिनिटं:

- एअर फिल्टरचा स्पंज काढून साबणाच्या पाण्यात धुवा, पिळा, पूर्ण सुकवा. जवळ दोन स्पंज ठेवा, एक सुकतो तोवर दुसरा कामाला.
- सिलिंडरच्या पंखांमधलं गवत ब्रशने काढा. तिथे गवत बसलं की इंजिन तापतं.
- ब्लेडला चीर आहे का बघा. ब्लेड काढून लटकवा आणि पान्याने हलकेच वाजवा. आवाज खणखणीत आला पाहिजे, बद्द आला तर ब्लेड बाद. तडा गेलेलं ब्लेड वेल्डिंग करून वापरायचं नाही.
- ब्लेडचा नट तपासा. बहुतेक मशीनला तो उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे डावीकडे फिरवला की घट्ट होतो. हे माहीत नसलेले बरेच जण जोर लावून आटे उडवतात.

आठवड्याला, किंवा साधारण 25 तासांनी:

- गिअर हेडमध्ये ग्रीस. पाऊण भाग भरेल एवढंच, ठासून भरलं तर तापतं.
- प्लग काढून बघा. चहासारखा तपकिरी रंग असेल तर सगळं ठीक. काळा-तेलकट असेल तर ऑइल जास्त किंवा फिल्टर जाम. पांढरा असेल तर इंजिनला पेट्रोल कमी पडतंय, लगेच दाखवा. गॅप साधारण 0.6 ते 0.7 मिमी.
- पेट्रोलची नळी कडक झाली, चिरली का बघा.
- ब्लेडला धार लावताना सगळ्या पात्यांवर सारखीच कानस मारा. एक बाजू हलकी झाली की हादरे वाढतात.

4 स्ट्रोक असेल तर इंजिन ऑइल रोज तपासा. नव्या मशीनचं पहिलं ऑइल साधारण 10 तासांनी आणि नंतर दर 50 तासांनी बदला.

सीझन संपल्यावर टाकी रिकामी करा. मग मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरही रिकामा होतो. प्लग काढून सिलिंडरमध्ये चार थेंब ऑइल टाका, दोरी दोनदा हळू ओढा, प्लग परत लावा. पुढच्या पावसाळ्यात "स्टार्टच होत नाही" म्हणून येणाऱ्या मशीनमधल्या बऱ्याच मशीनला एवढंच केलेलं नसतं.

8. आता हिशोब

आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदला. समजा माणसासकट मशीनचा दिवसाचा दर 1,500 रुपये घेतला. पाच तास मशीन प्रत्यक्ष चालली, 4 लिटर मिक्स गेलं, म्हणजे साधारण 460 रुपये. दोरी, धार वगैरे 40. उरले 1,000. यातले 150 रोज मशीनच्या वेगळ्या डब्यात टाका. सीझनमध्ये 60 दिवस काम झालं तर 9,000 जमतात. ब्लेड, प्लग, किट, दुरुस्ती आणि पुढच्या मशीनची सुरुवात त्यातून होते. तुमच्या हाती दिवसाला 850.

आता कार्ब्युरेटर बिघडून मशीन पाच दिवस बंद राहिली, तर 5,000 गेले, दुरुस्ती वेगळी. रोजची पंधरा मिनिटं वाचवून कोणी काय कमावलं? आणि गॉगलचे अडीचशे म्हणजे या हिशोबात अर्ध्या दिवसाचीसुद्धा कमाई नाही.

समोरचा म्हणेल, "अमका 1,200 मध्ये करतो." तेव्हा दर पाडण्याआधी विचारा, की त्याच्याकडे गार्ड आहे का, गाडीची काच फुटली तर तो भरून देतो का? चांगल्या गिऱ्हाइकाला हा फरक कळतो. ज्याला कळत नाही, त्याचं काम सोडलं तरी चालेल.

माणूस कामाला ठेवणार असाल तर त्याच्या डोळ्यांची जबाबदारी तुमची. त्याचा आणि स्वतःचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म बँकेत भरा. वयाची 18 ते 70 वर्षं, वर्षाला 20 रुपये, खात्यातून आपोआप कापले जातात. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख, आणि एका डोळ्याची दृष्टी कायमची पूर्ण गेली तर 1 लाख. धूसर दिसण्याला त्यात काही मिळत नाही, हेही लक्षात ठेवा. विमा नंतरच्या कामाचा, गॉगल आधीच्या.

या आठवड्याचा गृहपाठ

मशीन घेतली असेल तर तीन गोष्टी करा: झाकणावर प्रमाण लिहा, ब्लेड काढून वाजवून बघा, आणि आयडलला ब्लेड फिरतं का तपासा. मशीन घ्यायची असेल तर दुकानदाराकडून आधी किटची किंमत घ्या, मग मशीनची. घासाघीस जरूर करा, ते आपल्या धंद्यातच आहे. पण कुठल्या ओळीवर रेघ मारायची नाही, हे दुकानात पाय टाकण्याआधीच ठरवून जा.

तो मुलगा आता रोपवाटिका चालवतो, चांगली चालली आहे. त्याच्या बागेतलं गवत कापायला दुसरा मुलगा येतो. त्याच्यासाठी गॉगल आणि शील्ड हा स्वतः खुंटीला लावून ठेवतो, आणि ते घातल्याशिवाय मशीन स्टार्ट करू देत नाही.

भेटू पुढच्या धड्यात. काम जोरात करा, पण जपून करा.